पाच खणांचा गोठा

आमच्या क्लेमेंटी वस्तीतल्या उंच ब्लॉकमध्ये वरच्या मजल्यावर राहणारे इंजिनिअर लिफ्टमध्ये भेटले, की फोनवर इंग्लंडमधल्या शेतावरच्या एका जुन्या दगडी घराचा फोटो दाखवत.

"घर तीन खणी, पण शेजारचा गोठा बघा. पाच खणी!"

मी एकदा गोठ्याचे खांब मोजून सहा म्हणालो. ते कळवळलेच. "अहो, खांब नाही, दोन खांबांमधली जागा मोजायची!"

"तिथे राहिला होतात का?"

"छे हो! इंग्लंड पाहिलंय कोणी?"

परवा ते ब्लॉकच्या मोकळ्या तळमजल्यावर खांबांमधून पावलं मोजत होते.

"वरचा माझा फ्लॅट दोन खणी भरला," म्हणाले. मग सायकली लावतो त्या कोपऱ्याकडे बघत राहिले.

"इथे गोठा निघेल."

आणि माझ्या सायकलच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला.