वहिनीची दाढ

त्या दिवसांत मला कुठे म्हणून स्वस्थ बसवत नव्हतं. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत संयुक्त महाराष्ट्राची पत्रकं वाटायची, संध्याकाळी सभा, मध्ये जमलं तर कॉलेज. वडील गिरणीच्या फाटकावरून पत्रकं आणत, त्यांवरच मी वाचायला शिकले. त्यामुळे कुठलीही गोष्ट मला लढ्यासारखी दिसे. वहिनीची दाढसुद्धा.

आदल्या वर्षी तिसऱ्या महिन्यात वहिनीचा गर्भ गेला होता. आता तिला पुन्हा मूल हवं होतं. भोईवाड्यातल्या प्रसूतिगृहातल्या नर्सबाईंनी तिचं तोंड उघडून बघितलं आणि बजावलं, "दिवस राहायच्या आधी ही किडकी दाढ काढून घे. हिरड्यांतून रक्त येतंय, तेही दाखव. आणि मिश्री बंद. पोटुशी असताना हे दुखणं वर आलं तर धड जेवता येणार नाही, औषधही जपून द्यावं लागेल."

दादा सकाळी गिरणीत. वहिनीला कागद वाचता येत नव्हते, म्हणून तिला इस्पितळात न्यायचं काम माझ्यावर आलं.

मी काय केलं? घरी येऊन मिश्रीचा डबा कचऱ्यात उपडा केला आणि भाषण ठोकलं. तव्यावर भाजून कुटलेली ती तंबाखू चाळीतल्या सगळ्या बायका सकाळी नळावर दातांना लावत.

आई म्हणाली, "झालं भाषण? मी जन्मभर लावली. चार पोरं झालीच ना?"

"आणि दात किती राहिले?"

"ते तुझ्या सभेत सांग."

वहिनी हसली नाही. मिश्रीने तिची दाढ बधिर राहायची, ती आता दिवसभर ठणकू लागली.

परळच्या इस्पितळात दात फक्त सोमवारी बघत. पहिल्या सोमवारी मोर्चा निघाला. दुसऱ्या सोमवारी पत्रकं छापून येणार होती.

"वन्सं, मी एकटी जाऊ का?"

"एकटी कशाला? पुढच्या सोमवारी नक्की."

तिसऱ्या सोमवारी उठलो तर तिचा गाल सुजून डोळ्यापर्यंत चढला होता. पत्रकांचा गठ्ठा काखेत मारून मी तिला घेऊन निघाले. तिला रांगेत बसवून तिथूनच सभेला पळायचं मनात होतं.

रांग हलेना. मी उठत होते, दारापर्यंत जात होते, परत येत होते. वहिनी पदर गालाशी धरून बसलेली. शेवटी आत गेलो.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "शेवटची पाळी कधी आली?"

वहिनीने बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. "पाच दिवस वर गेलेत," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"दिवस गेले असले तरी हा पू असा ठेवणं बरं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "जपून काढते."

"वहिनी, मुळीच घाबरायचं नाही, आपण बायकांनी आता..."

"वन्सं, भाषण नको. हात धरा."

गठ्ठा तिथेच जमिनीवर ठेवला. तिची नखं माझ्या तळहातात रुतली. सभा राहिली.

पुढचे चार दिवस मी कॉलेजात बसत होते आणि एक अक्षर डोक्यात शिरत नव्हतं. दिवस गेले असतील आणि पुन्हा काही झालं तर? कुणाला विचारायचीही सोय नव्हती.

पाचव्या दिवशी घरी आले तर वहिनी पाळी आली म्हणून गॅलरीत वेगळी बसलेली. एरवी या शिवाशिवीवरून मी घर डोक्यावर घेत असे. त्या दिवशी सरळ तिच्या शेजारी जाऊन बसले.

"अगं, शिवलीस!" आई आतून ओरडली.

वहिनीचा गाल उतरला होता. "बरं झालं," ती हळूच म्हणाली. "आता आधी हिरड्या बऱ्या होऊ देत. सोमवारी परत बोलावलंय. तुमचा मोर्चा असेल ना?"

"आहे. दुपारी. आपण सातलाच निघू."

"बघा हं," वहिनी म्हणाली.