हिच्या संघटनेचे वर्गणीवाले गुरुजी

आमच्या हिच्या संघटनेचे वर्गणीवाले गुरुजी एखाद्या दारातून रिकाम्या हातानं परत गेले, असं अख्ख्या तालुक्यात कुणी सांगून दाखवावं. यमाला एकवेळ माणूस म्हणंल की बाबा, उद्या ये. ह्यांना तसं म्हणायची सोय नव्हती. उद्या या म्हणलं की हे अंगणातली बाज ओढून तिच्यावर बसायचे अन् म्हणायचे, "मग उद्यापतोर इथंच थांबतो, दाजी. मला कुठं घाई हाय?" आमची ही जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तरीण होती अन् मी शेळ्या-मेंढरं राखणारा. गुरुजींना ती भाऊ मानायची, म्हणून मी दाजी. असला मेव्हणा दुष्मनाला बी मिळू नये असं मी तिला कैकदा म्हणलोय. ती म्हणायची, "तुमाला काय कळतंय त्यातलं?" अन् चहाला आधण ठेवायची.

दरसाल शाळा उघडल्या की ते कडा गावाकडून त्यांच्या खडखड्या मोपेडवर यायचे. गळ्यात पंचा, खिशाला संघटनेचा बिल्ला. एकदा उन्हाळ्यात ते नुसत्या बनियनवर बसले होते, तर बिल्ला बनियनला. मोर्चात घोषणा देऊन देऊन गळा जो बसला तो पुन्हा उठलाच न्हाई. कुजबुजले तरी शेजारच्या वस्तीवरची कुत्री भुंकायची. नव्या पोरसवदा मास्तरांनी लई समजावलं, गुरुजी, फोनवर टाकतो की वर्गणी, कशाला पेट्रोल जाळता? त्यांचं उत्तर ठरलेलं. "फोनवर पैसे येतेत, माणूस येत न्हाई. मला माणूस बघायचाय." उभ्याउभ्या दिलेली वर्गणी घेतच नव्हते. बसणार, चहा पिणार, घरातल्या म्हातारीचे गुडघे इच्चारणार, मग पावती. अन् पावती फाडून हातात दिली की न चुकता इच्चारणार, "काही अडचण? संघटनेकडं काही मागणी?" समोरचा म्हणायचा, न्हाई बा. मग हे जरा हिरमुसायचे. एका मास्तरानं तर स्वतःच्या लग्नात बोहल्यावर वर्गणी दिली, हळदीच्या हातानं. गुरुजींनी आधी पावती फाडली, मग अक्षता टाकल्या.

जेवायला बसले तरी सभा उठायची न्हाई. भाकरी संपली की ताटावरून मान वर करून म्हणायचे, "अजून एक भाकरी वाढावी असा ठराव मी मांडतो. अनुमोदन?" कुणीतरी अनुमोदन दिल्याबगर ते भाकरीला हात लावत नव्हते. म्हणून मी, चौथीतनं शाळा सोडलेला माणूस, त्यांच्या प्रत्येक भाकरीला अनुमोदन देत बसायचो. ठेच्याला मात्र मी एकदा विरोध केला, कारण तो थोडाच राहिला होता. तर म्हणले, "विरोधाची नोंद घेतली, दाजी," अन् ठेचा घेतला.

आता संघटना म्हणावी तर ती बी त्यांच्यासारखीच. मोठ्या संघटनेतून फुटून निघालेली, अन् ती फूट बी अधिवेशनात पाव्हण्याला हार कुणी घालायचा ह्यावरून. तालुक्यात सभासद थोडे अन् पदाधिकारी जास्त. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, सरचिटणीस, सगळे आपापल्या घरी, अन् फिरणारे हे एकटे. शाळेत ते कमी अन् तालुक्याच्या ऑफिसात जास्त. लोक म्हणायचे, ह्या गुरुजींच्या बोटाला खडू कसा तो कुणी बघितला न्हाई. मी बी तेच म्हणायचो. पण हिच्यापुढं म्हणायची टाप नव्हती. ही सुरवातीला वस्तीशाळेवर होती. तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाला, पगार नुसता नावाला. त्या वस्तीशाळेवाल्यांसाठी जे मोर्चे निघाले त्यात हे गुरुजी बोंबलत पुढं अन् ही पदर खोचून मागं. कायम झाल्याचा कागद आला त्या दिवशी तिनं पुरणाचा घाट घातला, अन् पहिलं ताट गुरुजींचं, दुसरं माझं.

कायम झाली, पण शाळा तीच राहिली, दुसऱ्या टोकाची. गावातल्या शाळेवर तिला कधी जागाच मिळाली न्हाई. ह्याच गावात ती नवरी होऊन आली. ह्याच गावानं पारावर बसून म्हणलं, मेंढक्याची बायको मास्तरीण व्हायली, आता मेंढरं बी इंग्रजी बोलतील. तिला एवढंच वाटायचं की एकदा ह्या गावच्या फळ्यापुढं उभं राहावं, ह्याच लोकांची लेकरं समोर घेऊन.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. बार्शीच्या दवाखान्यात नेऊन आणून बाईचं पाखरू झालं. केस गेले, तोंडाची चव गेली, अन् सगळ्यात वाईट म्हणजे बोलणं गेलं. मी गेलो की नुसती छताकडं बघायची. लेक डबा उघडायची, तसाच झाकायची. असल्यात एके दिवशी दवाखान्याच्या वार्डात, सलाइनच्या दांडीमागनं, गळ्यात पंचा अन् हातात पावतीपुस्तक. गुरुजी!

लेक दारातच आडवी झाली. "इथं बी? लाज कशी वाटत न्हाई ओ तुमाला?"

"बाई सभासद हायेत, ताई," गुरुजी त्यांच्या समजुतीनं हळू बोलले, म्हणजे अख्खा वार्ड उठून बसला. "त्यांना न इच्चारता पुढं कसं जाऊ?"

मी म्हणलं, "ओ गुरुजी, माणूस चाललंय हितं, अन् तुमी पावती फाडायलाव? चला, व्हा बाहीर."

पण मागनं हिचा आवाज आला. किती दिवसांनी आला! "डोक्याला रुमाल बांध गं माझ्या. अन् पर्स दे." लेकीनं पाठीला उशी लावली. ही उठून बसली, रुमालाची गाठ स्वतः नीट केली, अन् हेडमास्तरीण झाल्यासारखी म्हणली, "गुरुजी, औंदा उशीर केलाव."

"चूक झाली, बाई."

"बसा. चहा सांगा हो ह्यांना."

मी चहा आणला. स्टुलावर बसून त्यांनी तो पिला, माझ्या गुडघ्यांचं इच्चारलं, अन् मग पावती फाडली. तवा मला कळलं की आमी सगळे, मी, लेक, डाक्टर, तिला पेशंट म्हणून बघायलो होतो, अन् हा एकटाच बाबा तिला नोकरीवरची बाई म्हणून बघायला होता. पावती हातात देऊन त्यांनी नेहमीचं इच्चारलं, "काही अडचण? संघटनेकडं काही मागणी?"

आजवर हिनं बी न्हाईच म्हणलेलं. त्या दिवशी म्हणली, "हाय. आपल्या गावच्या शाळेवर द्या मला. उठून बसता येतंय तवर."

गुरुजींनी तोंड पंच्यात घातलं. मग उठले अन् मोपेड थेट ऑफिसाकडं.

गावच्या शाळेवरचे एक मास्तर रिटायर झाले होते, जागा रिकामी होती. पण ऑफिसातले साहेब म्हणले बदल्या सध्या बंद. गुरुजी म्हणले बदली नको, प्रतिनियुक्ती द्या, तात्पुरतं तरी बसवा. साहेब म्हणले, वर इच्चारतो. वर कोण बसलंय कुणास ठाऊक, उत्तर काही येईना. तवा गुरुजींनी ऑफिसपुढं सतरंजी टाकून उपोषण मांडलं. आता ह्या माणसाला शुगर! दुपारपतोर घोषणा, अन् दुपारी डोळे फिरायला लागले. कंपाउंडरनं दम दिला की पुन्हा बसलात तर तुमच्याच शोकसभेला वर्गणी काढावी लागंल. मग त्यांनी साखळी उपोषण जाहीर केलं, म्हणजे रोज एक नवा माणूस बसणार. माणसं कुठं होती? अध्यक्ष परगावी, कार्याध्यक्षाच्या घरी लगीन. साखळीला कडीच मिळंना. शेवटी मला घेऊन गेले, डोक्याला टोपी घातली, खिशाला बिल्ला लावला अन् सतरंजीवर बसवलं.

माझ्यामागं शेळ्या राखायला कुणी न्हाई, म्हणून त्या बी संगं. समोरच्या लिंबाला बांधल्या होत्या. चहाच्या टपरीवरला दोस्त तिथनंच वरडला, "काय बे, तू कवा मास्तर झालास?" मी म्हणलं, "आज सकाळी." मग एक बातमीवाला पोरगा आला. मलाच इच्चारलं, "गुरुजी, कोणत्या शाळेवर हाव?" म्हणलं, "माळावर. पटसंख्या चांगली हाय, पण सगळ्या शेळ्या." तेवढ्यात एका शेळीनं दावं तोडून मागण्यांचा फलक निम्मा खाल्ला. गुरुजी तिच्याकडं बघून म्हणले, "दाजी, आपल्यातलं हे एकच जण उपोषणाला न्हाई."

गलका ऐकून साहेब बाहीर आले. "गुरुजी, हे कुणाला बसवलंव? हे संघटनेचे सभासद हायेत का?"

"सभासदाचा नवरा हाय. घटनेत बसत न्हाई, पण उन्हात बसलाय."

साहेब माझ्याकडं वळले. "बाबा, तुमचं काय म्हणणं?"

मला काय भाषण येतंय? म्हणलं, "बायको मरायलीय, साहेब. मरायच्या आधी तिला गावच्या शाळेवर जायचंय."

साहेब आत गेले. दुसऱ्या दिवशी वरनं होकार आला. का साहेबांनी वर न इच्चारताच सही केली, ते मला ठाऊक न्हाई.

तिला जीपनं शाळेत नेलं. फळ्यापुढं खुर्ची टाकली होती, ती तिनं सरकवायला लावली अन् फळ्याची कड धरून उभी राहिली. मी खिडकीबाहेर. तिनं हजेरी घेतली, पण ती हजेरी लवकर संपंना. प्रत्येक नावामागं इच्चारायची, "कुणाचा रे तू?" मग म्हणायची, "तुझी आजी लई भांडखोर. सांग तिला, बाई आल्यात म्हणावं." लेकरं फिदीफिदी हसायची. ही बी हसायची. असे काही दिवस गेले. मग खुर्ची लागली, मग खुर्चीवर बी बसवंना. दिवाळीच्या सुट्टीत ती गेली.

सरणापुढं गुरुजी बोलायला उभे राहिले. चांगलं बोलले. दोन मिनिटं शांतता पाळायला लावली. शांतता संपली अन् ह्या माणसाचा हात आपोआप वर गेला, "शिक्षक एकजुटीचा..." अन् जमलेले सगळे मास्तर, सवयीनं, एका सुरात, "विजय असो!" नदीकाठचे बगळे उडाले. आमच्या भावकीतला एक जण त्यांची गचांडी धरायला धावला. गुरुजी तर एवढे भेदरले की वर गेलेला हात खाली आणायचं बी सुचंना. मला मात्र हसू फुटलं. मोठ्यानं हसलो मी, बायकोच्या सरणापुढं. लोकांना वाटलं म्हातारा बिघडला. हसताहसता ते हसू कवा दुसरंच झालं, ते माझं मला कळलं न्हाई.

तिच्यामागं ती जागा पुन्हा रिकामी झाली. बदल्या उघडल्या तवा गुरुजींनी ती स्वतःला मागून घेतली. संघटनेचं काम सोडलं. सोडलं म्हणजे, राहिलेले सभासद बी मोठ्या संघटनेत गेले अन् फिरायला दारंच राहिली न्हाईत. आता ते आमच्या गावच्या शाळेवर, तिच्या वर्गावर हायेत. शिकवतेत कसं, ते मला इच्चारू नका. सुरवातीला फळ्यावरच्या ओळी उतरणीला लागल्यागत खाली जायच्या म्हणे. आता सरळ येतेत.

मी सकाळी शेळ्या सोडल्या की शाळेमागनंच जातो. वाट जरा लांबची पडते. आत पाढे चाललेले असतेत. गुरुजी त्या बसक्या गळ्यानं सांगतेत, अन् लेकरांना वाटतंय पाढे असेच म्हणायचे असतेत, म्हणून सगळा वर्ग घसा बसल्यागत खरखरत म्हणतो, पहिल्या बाकड्यापासून शेवटच्यापतोर. तिनं ऐकलं असतं तर पोट धरून हसली असती. मी भिंतीला टेकून थोडा थांबतो. शेळ्या थांबत न्हाईत, त्या आपल्या माळाकडं पुढं जातेत.