चौकटी कंसातली शिष्यवृत्ती

माझी नणंद व्यापार खात्यात अर्थतज्ज्ञ म्हणून लागली आणि राजदूत होऊन निवृत्त झाली. घरात तिला टक्केबाई म्हणत, कारण लहानपणी दूध उतू गेलं तरी किती टक्के गेलं ते ती सांगायची. नणंद होण्याआधी ती माझी वर्गमैत्रीण होती. अर्थशास्त्रात मी पहिली आले, ती दुसरी. परदेशी शिकायची शिष्यवृत्ती पहिलीला होती. त्याच महिन्यात तिच्या भावाशी माझं लग्न ठरलं आणि शिष्यवृत्ती तिला गेली.

संसारासाठी मला ती सोडावी लागली, असं मी साठ वर्षं सांगत आले. ऐकणारे हळहळत. मला बरं वाटे.

टक्केबाईचं काम जकातींचं. कुठल्या देशाच्या सुतावर किती जकात, यासाठी ती तीन-तीन आठवडे एका टेबलाशी बसे. एकदा समोरचा मंत्री उठून निघाला, तर हिने त्याच्याच देशाचे पाच वर्षांचे आकडे तोंडपाठ म्हणून दाखवले. तो मुकाट्याने खाली बसला. ती बातमी माझ्या नवऱ्याने कापून फाइलला लावली. त्या फाइलला कपाटात वरचा कप्पा होता, माझं प्रमाणपत्र चादरींखाली. मुलं आत्याच्या बदल्यांचे देश पाढ्यासारखे म्हणत. सुट्टीवर आली की ती माझ्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या बसल्या झोपून जाई. तिचे सुजलेले पाय पाहून मला आतून गार वाटे. हे मी तेव्हाच डायरीत लिहिलंय, त्यामुळे आता नाही म्हणता येत नाही.

गेल्या महिन्यात तिने आपल्या आठवणींच्या पुस्तकातलं एक पान पाठवलं. वाटाघाटींत ज्या शब्दांवर एकमत नसतं, ते दोन्ही बाजूंचे शब्द चौकटी कंसात शेजारी शेजारी ठेवतात. तिने तेच केलं होतं: ‘शिष्यवृत्ती पहिल्या आलेल्या मुलीची होती. ती तिने [नाकारली] [नाइलाजाने सोडली], म्हणून मी गेले.’

मागोमाग फोन. “वहिनी, एक कंस तू काढायचा. दुसऱ्या पक्षाच्या संमतीशिवाय मी छापत नाही.”

“दुसरा पक्ष म्हणजे मी का?”

“साठ वर्षं आहेसच की.”

मला झोंबलं. म्हटलं, हिला लेखी पुरावाच देते. शाळेतल्या सिस्टरांनी रोज अर्धं पान लिहायची सवय लावली, ती मी कधी मोडलेली नाही. त्या वर्षीची वही काढली. शिष्यवृत्तीचं पत्र आलं त्या दिवशीचं पान, माझंच वळणदार अक्षर:

‘बाबा म्हणाले, मुलाकडचे दोन वर्षं थांबायला तयार आहेत, तू जा. मी नको म्हटलं. एकटीने बोटीत चढायचं धाडस माझ्यात नाही. लग्नाचं कारण बरं सापडलं.’

मुलाकडचे म्हणजे तिच्याच घरचे. तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माझ्याच टेबलाशी बसून तिने माझी ती कहाणी कितीदा ऐकली असेल, आणि एकदाही तोंड उघडलं नाही.

मी फोन लावला. “त्या दिवशीचं डायरीचं पान वाचलं. पहिला ठेव.”

ती म्हणाली, “दुसरा ठेवला असतास तरी मी सही केली असती.”

“म्हणूनच पहिला ठेव.”

ते पान बघायला मिळेल का, असं तिने विचारलं. मी नाही म्हटलं.

तिने माझी लाज राखली आणि मी तिच्या पायांची सूज बघून खूश होत राहिले. तिच्या त्या गप्प राहण्याचाही मला हेवाच वाटतो. हेही तिलाच जमलं.