आत्याच्या खिडकीचे गज

गिरणीतली पाळी सुटून जिना चढून वर आलो, तर आमचा पॅसेज अंधारात. तिसऱ्या पाळीच्या माणसाला सकाळच्या वेळी अंधार मिळणं ही खरं तर चैनच. कानात साच्यांची, म्हणजे मागांची, घरघर, केसांत कापूस, पाय कुणा दुसऱ्याचे मागून आणल्यासारखे... अशा वेळी अंथरूण, अंधार आणि कुणी हाक मारू नये, एवढंच मागणं असतं. पण मी जिन्याच्या तोंडाशीच थबकलो. समोरच्या खोलीचं दार उघडं होतं, दारात चपलांचा ढीग होता, आत बायाबापड्यांची कुजबूज चालली होती, आणि तरीही पॅसेज अंधारात होता, कारण आतली खिडकी कुणी उघडलीच नव्हती. सुलोचना, माझी बायको, आमच्या उंबऱ्यावर बसली होती. "आत्या गेली," ती म्हणाली. "झोपेतच गेली. तिच्याकडे जेवायला येणारे गडी दार वाजवून वाजवून दमले..." मी डबा खाली ठेवला आणि तिच्याशेजारी बसलो. या गोष्टीला आता महिना होत आला, पण त्या दिवसाचा शीण अजून अंगातून उतरलेला नाही.

येसूआत्या आमच्या नात्याची नव्हती. नायगावच्या बीडीडी चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, ती आमची समोरची. आमच्या चाळींची बांधणी अशी, की मधून बोगद्यासारखा पॅसेज आणि दोन्ही अंगांना खोल्या. तिची खोली उगवतीची, आमची मावळतीची. म्हणजे सकाळचं कोवळं ऊन तिच्याकडे आणि दुपारनंतरचं भाजून काढणारं आमच्याकडे. नवरा तिचा लवकर गेला, पोरबाळ नाही. सातारकडची ही बाई तरुणपणीच गिरणीत लागली आणि सूत गुंडाळायच्या वायडिंग खात्यात बॉबिनी भरता भरता म्हातारी झाली. मग खात्यातल्या बायका कमी करायचं निघालं, त्यात तीही गेली. बाकीच्या बाया रडत घरी आल्या. आत्या आली, जेवली आणि झोपली. दुसऱ्या दिवशी सवयीनं पहाटे उठली, अंघोळ केली, आणि जायचं कुठंच नाही म्हणून खिडकीशी उभी राहिली. उभा जन्म ती दिवस उगवायच्या आत गिरणीत आणि मावळल्यावर घरात. सूत तुटू नये म्हणून खात्याच्या खिडक्याही सदा बंद. त्या सकाळी शिवडीच्या अंगाला, खाडीच्या बारीक रेघेवर, सूर्य वर येताना तिनं पहिल्यांदाच सावकाश पाहिला. पुढं खानावळ चालवून ती पोट भरायला लागली, चार एकटे गडी तिच्याकडे जेवायचे, पण नोकरी गेल्याचं दुःख तिनं कधी उगाळलं नाही. विचारलं तर म्हणायची, "गिरणीनं काडलं, ह्येनं ठिवून घेतलं."

आता हा सूर्य आपल्यापुरता बघून माणसानं गप्प बसावं की नाही? पण आत्याला ते जमत नसे. आधी खिडकी, मग स्वतःचं दार, आणि मग पिठाच्या हातानं आमचं दार ढकलायची. झालं! तिच्या खिडकीतून निघालेला तो पट्टा तिची खोली, पॅसेज, आमचा उंबरा ओलांडून थेट माझ्या उशीवर. नुकती पाठ टेकलेली असायची.

"आत्या, झोपू दे की गं!" मी उशीत तोंड खुपसून ओरडायचो.

"झोप की. त्यो काय तुला उठवाया आलाय व्हय? त्यो आपला आलाय."

"दार लोटून घेतलं तर काय बिघडेल?"

"आनि तू झोपतूस म्हनून तुज्या बायकूनं दुपारपत्तुर अंधारात बसायचं?"

बायको तरी माझी बाजू घेईल म्हणून मी वाट पाहिली, तर ती चहाचा कप घेऊन समोरच्या उंबऱ्यावर जाऊन बसली होती. घरातून फितुरी झाल्यावर माणूस काय करणार? मी तोंडावर टॉवेल टाकून झोपायला शिकलो. त्या टॉवेलातूनही उजेड लालसर दिसायचा, आणि पलीकडून आत्याचा आवाज यायचा, "आला गं, आला!" जसा काही गावाकडचा पाहुणाच एसटीतून उतरला.

हात जोडून उभी राहायची ती. काही पुटपुटायची नाही, पाणी सोडायची नाही, नुसते हात जोडलेले आणि तोंडावर ऊन. मी हे पुष्कळदा ऐकलं होतं सुलोचनाकडून. स्वतः बघितलं ते एकदाच, आणि तेही छप्पन सालच्या जानेवारीत. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही म्हणून कळलं आणि गिरणगाव पेटलं. रस्त्यावर गोळीबार, मग संचारबंदी. गिरण्या बंद, त्यामुळं कित्येक वर्षांत नव्हतो इतका मी रात्रीचा झोपलो होतो आणि पहाटे जागा होतो. चाळीच्या खिडक्या उघडायला बंदी होती. खिडकीत दिसलेल्या माणसाला गोळी लागल्याच्या बातम्या रोज येत होत्या. पॅसेजमध्ये दिवसासुद्धा कंदील लावायची पाळी. अशात समोरच्या खोलीत खिडकीची कडी वाजली. मी धावत गेलो. आत्यानं एक झडप उघडली होती आणि भिंतीच्या आडोशानं उभी होती.

"आत्या, वेड लागलं का तुला? खाली माणसं मरतायत आणि तू..."

"म्हनूनच बगती," ती हळू आवाजात म्हणाली. "परवा व्हती ती मानसं. आज न्हाईत बगाया."

मी तिला मागं ओढायला हात पुढं केला, तो तसाच राहिला. गिरण्या बंद म्हणजे चिमण्याही बंद. परळपासून शिवडीपर्यंत एका चिमणीला धूर नव्हता. असं स्वच्छ आभाळ मी मुंबईत कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यातून तो वर आला. आधी नुसती कड, मग अर्धा, मग पुरता. काठाचं पाणी उजळलं, छपरं उजळली, खाली रस्त्यावर सांडलेले दगड आणि काचाही उजळल्या. मला त्या वेळी काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. आनंद म्हणावा तर लाज वाटते, कारण शेजारच्या चाळीत रडारड चालू होती. पण आपण आहोत, डोळे आहेत, आणि हे कुणी न मागता समोर येतंय, एवढं मात्र छातीत दाटून आलं. तेवढ्यात खालून बंदोबस्ताचा शिपाई ओरडला, "ए म्हातारे! खिडकी लाव!"

"लावती रं बाबा," आत्या म्हणाली. "येऊ दे की त्येला पुरता वर. तूबी बग, रातभर हुबा हायेस."

शिपाई आमच्याकडे तोंड करून उभा होता, सूर्याकडे पाठ. त्यानं मान वळवून मागं पाहिलं. जरा वेळ तसाच पाहत राहिला, मग काठी काखेत धरून पुढं निघून गेला. आत्यानं झडप लावून घेतली आणि पीठ मळायला बसली.

त्याच वर्षाच्या अखेरीस आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. चाळीतली सगळी घरं. त्या दिवसांचं काय सांगू... पिढ्यान्‌पिढ्या वाकलेली पाठ सरळ होत होती. देव सोडायचे ठरले तेव्हा भलेभले पुरुष कचरले, पण आत्यानं फळीवरचे देवांचे टाक फडक्यात बांधले आणि चालत शिवडीला जाऊन खाडीत सोडून आली. तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. "गावात देवळाच्या पायरीला हात लावू दिला न्हाई, त्यो देव हितं माझ्या फळीवर कशाला?" म्हणाली. पण सकाळी खिडकीशी हात जोडले जायचे ते जायचेच.

ते वामनच्या डोळ्यांवर आलं. वामन म्हणजे आमच्या चाळीचं वाचनालय चालवणारा पोरगा, रात्रशाळेत शिकलेला, बोलायला कडक पण मनानं सोन्यासारखा. एका सकाळी तो मला घेऊनच आत्याकडे गेला.

"आत्या, आपण शब्द दिलाय. वंदना बुद्धाला. सूर्याला हात जोडायचे नाहीत आता."

आत्या भाकरी थापत होती. "देव खाडीत सोडलं मी, तू बगितलंस. पर ह्यो रोज खाडीतनंच वर येतूय, त्येला काय करू?"

मला हसू आवरेना. वामनही हसला, पण हटला नाही. "मग काय मागतेस त्याच्याकडे?"

"मागती कशाला? मागितलं आसतं तर त्यो देव झाला आसता. मला बरं वाटतं, म्हनून जोडती."

"बरं वाटू दे गं. बघ ना रोज. पण हात नको. आज तू जोडलेस, उद्या तुझं बघून पोरं जोडतील, परवा फळीवर पुन्हा टाक येतील."

वामनचं चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. ज्यांनी जन्मभर हात जोडले त्यांनाच ते सोडणं किती अवघड, हे तो जाणून होता. आत्याही जाणून होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "शब्द दिलाय खरा. न्हाई जोडनार."

आणि शब्द देऊन मोडणारी बाई ती नव्हे. पण दुसऱ्या दिवसापासून तिची जी तारांबळ उडाली ती सुलोचनानं मला सांगितली. हात पाठीमागं धरून बघितले, पदरात गुंडाळून बघितले, एक दिवस तर परातीत पीठ घेऊनच खिडकीशी उभी राहिली. "रिकामं ठिवलं की आपुआप जोडत्यात गं," ती सुलोचनाला म्हणाली, अगदी खजील होऊन. शेवटी तिनं खिडकीचे दोन गज धरले. दोन हातांत दोन गज, घट्ट. मग सूर्य पुरता वर येईस्तोवर सोडायचे नाहीत. तेव्हापासून तिची तीच रीत झाली. वामन जाता-येता बघायचा आणि खाली उतरायचा. पुढंपुढं तोही जरा थांबायला लागला.

यंदा मे महिन्यात राज्य झालं. चाळीवर तोरणं, रात्रभर लेझीम. सकाळी वामन गुलालानं माखून वर आला आणि म्हणाला, "आत्या, आजचा सूर्य महाराष्ट्राचा!" आत्या गज धरून उभी होती. मान न वळवता म्हणाली, "कालबी हितंच उगावला व्हता रं. तुमास्नी आज दिसला, चांगलं झालं." मीही त्या सकाळी आनंदात होतो, पण रात्रीची पाळी काही सुटली नव्हती. राज्य आलं, साचे तेच राहिले. एकदा वैतागून मी तिला विचारलं, "रोज तेच ते बघून कंटाळा येत नाही तुला?" तिनं माझ्या पुढ्यात भाकरी वाढली आणि विचारलं, "हिचा येतूय?" तिच्याशी झालेलं माझं ते शेवटचं धड बोलणं. नंतर थंडी सुरू झाली, तिला खोकला लागला, आणि पंधरवड्यात सगळं आटोपलं. वंदना वामननंच म्हटली. म्हणताना दोनदा थांबला.

तिचा पुतण्या गावाहून सुगी आटोपून खोली ताब्यात घ्यायला येणार आहे. तोवर किल्ली आमच्याकडे. सुलोचना रोज सकाळी समोरचं दार उघडते, खिडकी उघडते, आणि आमच्याकडे ऊन येतं. पुतण्या काय करील, दार उघडं ठेवील की लावून घेईल, कुणास ठाऊक... ती धास्ती सुलोचनाला आहे, आणि तिनं बोलून दाखवली नाही तरी आता मलाही आहे.

परवा पाळी सुटून आलो तर ती नळावर होती. किल्ली खुंटीला. मीच समोर गेलो. खोलीत अजून पिठाचा वास आहे. खिडकी उघडली. सगळे गज गंजून काळपट झालेत, मधले दोन तेवढे छातीच्या उंचीला गुळगुळीत, चकचकीत. बाहेर चिमण्यांचा धूर होता, आभाळ गढूळ होतं, आणि मी इतका दमलो होतो की उभ्यानं झोपलो असतो. पण तो आला. धुरातून, तांबडालाल, जसा रोज येत असणार तसा. माझे हात रिकामे होते. ते छातीपर्यंत आले, तळव्याला तळवा लागला, आणि मला काही कळायच्या आत तसं झालं होतं.

मी घाईनं ते दोन गज धरले. आणि तो पुरता वर येईस्तोवर सोडले नाहीत.