महिनाभरात

बावीस वर्षं तो पुढाऱ्यांच्या तोंडी वाक्यं घालत आला. साहेब सभेत नुसते खाकरले, तरी संध्याकाळी वर्तमानपत्रांकडे त्यांचं खणखणीत भाषण जायचं. जिन्याखालची खोली, डुगडुगतं टेबल, भिंतीवर वार्ताहरांचे फोन नंबर. बातमीत तारीख असली की ती पहिल्या पानावर जाते, नसली की आत, निधनवार्तांच्या शेजारी, हे त्याला पक्कं ठाऊक. खोटं लिहिताना हात कधी अडखळला नाही. ती त्याला देवाची कृपाच वाटे.

यंदा निवडणुकीच्या सभेत साहेब एवढंच म्हणाले, "सरकारी दवाखान्यात डायलिसिसचं यंत्र आणू." याने पुढे जोडलं, "महिनाभरात आणणारच, हा माझा शब्द आहे." पहिलं पान मिळालं. प्रचारप्रमुखाने पाठ थोपटली.

ते कात्रण त्याच्या थोरल्या भावाने उशाखाली ठेवलं. दादाची दोन्ही मूत्रपिंडं थकलेली. डॉक्टरांनी आता थांबू नका म्हणून बजावलेलं. शहरात ताईने त्याच्यासाठी खोली रिकामी करून ठेवली होती, तिथल्या दवाखान्यात नावही घातलं होतं. रविवारी गाडी येणार होती. दादाने तिला कळवून टाकलं, "येत नाही. इथेच सोय होतेय."

हे कळताच तो खुलासा लिहून प्रचारप्रमुखाकडे धावला.

"गुरुवारी मतदान आहे, शहाण्या! नंतर हवे तर दहा खुलासे काढ."

शनिवारी तो दादाच्या खाटेपाशी बसला. सूज गुडघ्यापर्यंत चढली होती.

"दादा, उद्या ताईकडे जा. यंत्र येणार नाही."

"कशावरून?"

"ते वाक्य साहेबांचं नाही. मी पदरचं घातलंय."

दादा धाप लागेपर्यंत हसला आणि वहिनीकडे वळला. "ऐकलंस का गं? म्हणे साहेब याचं बोलतात! अरे, लहानपणापासून तुला बढाया मारायची खोड. तू आपला टाइप करणारा. मोठ्यांच्या मनातलं तुला काय कळणार?"

"देवाशपथ, दादा."

"छापून आलंय ना!"

वहिनी त्याला दाराशी घेऊन गेली. "भावोजी, पंधरा दिवसांनी काल ते दोन घास जेवले. नका हो काढून घेऊ."

रविवारी ताईने तरीही पाठवलेली गाडी आली, अर्धा तास थांबली आणि रिकामी गेली. दादाने उशाखालून कात्रण काढलं.

"वाच रे जरा. मला अक्षरं पुसट दिसतात."

त्याने वाचलं. 'हा माझा शब्द आहे' इथे दादाने समाधानाने मान डोलावली आणि म्हणाला, "पुन्हा वाच."