भुईवर जोर

सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. कुणी चारचौघांत बोलायला लावलं की अजूनही माझे तळहात भिजतात. आणि कॅनडात, किचनर नावाच्या गावात काम मिळालं तेही नेमकं बोलल्याशिवाय न भागणारं.

ओमाला सांभाळायचं होतं. ओमा म्हणजे डच लोकांची आजी. सगळे तिला तेच म्हणत. तरुणपणी हॉलंडहून आलेली. म्हातारपणी तिचं इंग्रजी गळून गेलं, डच तेवढं उरलं. इंग्रजीत जेव म्हटलं की भिंतीकडे तोंड फिरवायची. ओकव्हिलहून तिची लेक आली, म्हणाली, "अशी उपाशी राहिली तर नर्सिंग होममध्ये ठेवावं लागेल. मला तिची भाषा येत नाही गं. बटाट्याला आर्डापेल म्हणतात, एवढंच आठवतं."

ओमाचं घर सुटलं असतं, आणि माझंही. या देशात मला पहिल्यांदा आत घेतलं ते याच घराने.

मी बशी पुढे केली. "आर-डा-पेल." भीतीने सगळीकडे सारखाच जोर. ओमा बघत राहिली. मग तिने चमचा उचलून टेबलावर आपटला. "आर्ड." आणि हलकेच, "आपेल." आर्ड म्हणजे काय ते सांगायला तिने कुंडीतली माती चिमटीत धरली. आपेल म्हणजे सफरचंद. भुईतलं सफरचंद. मी म्हणत गेले, ती चमचा आपटत गेली. जमलं तेव्हा तिने तोंड उघडलं.

पुढे झोपायची खोली शिकले, स्लाप-कामर. पहिल्या तुकड्यावर पाय रोवायचा, दुसऱ्यावरून सरकायचं. तसंच म्हणत मी तिला हाताला धरून खोलीत न्यायची.

एकदा भरवताना मीच बोलून गेले, "आमच्याकडे भुईमूग." आणि कुंडीकडे बोट दाखवलं. ओमाने चमचा आपटला. "भुई." मग हलकेच, "मूख." तिच्या डच तोंडात शेवटच्या ग चा ख झाला.

इथे आल्यापासून तो शब्द दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. ओल्या शेंगा तोडताना आईच्या नखांत बसलेली माती दिसली. घास हातातच राहिला. ओमाने बशी माझ्याकडे सरकवली. मी खाल्लं, मग तिने खाल्लं.

सकाळी आईला फोन लावला. "भुईमूग काढला का गं?"

"काढला की. पण भुईवर एवढा जोर कशाला देतेस?"

मी विषय बदलला. म्हटलं, "इथं थंडी फार आहे."