तिच्या वाटच्या चिंचेच्या गोळ्या

अंगात येणं, उतारा, भानामती... मी ह्यातलं काहीच मानत नाही. आमच्या पिंपळगाव राजात कोणी घुमाले लागलं का मी उठून घरी जातो. चौथी शिकलेला शेतकरी आहो, पण येडा नाही. पण आता सांगतो ते कोणाले सांगितलं तं म्हणतात, "बुढ्यानं बायकोचं जाणं लय मनावर घेतलं." घेतलंच आहे. पण हे ती जित्ती होती तवाचं आहे.

माही बायको गोदा. मागच्या उन्हाळ्यात तिच्या डोक्यात गाठ निघाली. अकोल्याले ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पाहतो तं कानाखालून हनुवटीपर्यंत डावा गाल टम्म फुगलेला! चिरलं उजवीकडं अन् सूज डावीकडं. मी डॉक्टरवर ओरडलोच, "काय करून ठेवलं हे?"

डॉक्टर शांत माणूस. "बाबा, ऑपरेशनमध्ये मान बराच वेळ वळवून ठेवावी लागते. त्यात लाळेची ग्रंथी दबून सुजते. क्वचितच होतं. बहुतेक उतरेल. पण वाढली, तर श्वासासाठी गळ्याला भोक पाडावं लागेल."

"मंग ती बोलंन कशी?"

"काही दिवस नाही बोलता येणार."

जन्मभर तिच्या बडबडीनं माहे कान किटले होते. पण गोदाचं तोंड बंद, हे मले सहन होत नव्हतं.

"उपाय सांगा."

"आंबट चघळलं की लाळ सुटून ग्रंथी मोकळी होते. पण त्या बेशुद्ध आहेत, घशात नळी आहे. तोंडानं काही देता येत नाही. आमची औषधं चालू आहेत."

"मंग मीच खातो तिच्या वाटचं!"

"बाबा, काहीपण बोलता काय!" पोरगी शोभा खेकसली.

रागारागात बाहेर कडुलिंबाखाली जाऊन बसलो. पिशवीत गोदाची डबी होती. चिंच, गूळ, मीठ, जिरं कुटून ती दरवर्षी गोळ्या करायची. मी खायला बसलो का तिचं ठरलेलं, "मचमच करू नका वो, माह्या तोंडाले पाणी सुटते." त्या दिवशी मुद्दाम मचमच करत खाल्ल्या. औंदा खारट झाल्या होत्या. रडत होतो अन् खात होतो.

डबी पिशवीत कोंबली, तेवढ्यात शोभा पळत आली. "बाबा, आईच्या तोंडातून लाळेची धार लागली! नर्सबाई पुसूनच राह्यली!"

संध्याकाळपर्यंत गाल उतरला. डॉक्टर म्हणे औषधानं फरक पडला. असंन. मीही तेच धरून चाललो होतो.

पण मंग नळी निघाली. गोदानं माह्याकडं पाह्यलं अन् घोगऱ्या आवाजात म्हणाली, "एकट्यानंच खाल्ल्या नं गोळ्या? ...औंदा मीठ जास्त पडलं."

गोळ्या खाल्ल्याचं मी कोणाले बोललो नव्हतो. शोभाले डबीचा पत्ता नव्हता. अन् गोळ्या केल्या त्या दिवशी गोदाचा चतुर्थीचा उपास होता, तवा नाही अन् मंगही नाही, एक बी तिनं चाखली नव्हती.

दिवाळीपर्यंत ती बोलली, भांडली, हसली. मंग गाठ परत वाढली अन् गोदा गेली.

आता मी ओट्यावर बसलेला असतो, तोंडात काही नसते... अन् एकदम जीभ आंबट होते, तोंडाले पाणी सुटते. थोडं खारट. डॉक्टरले दाखवलं, काहीच नाही म्हणे. तुमच्यात कोणाले समजत असंन तं सांगा, मले समजत नाही. मी निस्ता गिळतो, अन् म्हणतो, "मचमच करू नको वं."